शोसाठी वाढणारं लॅब्राडॉर पिल्लू: खाणं कोणतं, नखं कशानं?

सहा महिन्यांचं लॅब्राडॉर पिल्लू, मुंबईतला फ्लॅट आणि येत्या थंडीत त्याला डॉग शोच्या रिंगमध्ये उतरवायचा बेत. अशा घरात दोन प्रश्न हमखास निघतात: खायला काय नि किती द्यायचं, आणि नखं कशानं कापायची. मी हे दोन्ही प्रश्न एकत्रच बघते, कारण दोन्हींचा परिणाम पायांवर दिसतो. जास्तीचं वजन पंजाच्या लगेच वरच्या भागावर, म्हणजे पेस्टर्नवर येतं. नखं वाढली की बोटं वर ढकलली जातात आणि घट्ट मिटलेला पंजा पसरट होतो. पिल्लू चालताना जजच्या नजरेतून यातलं काहीच सुटत नाही.

त्यात आपल्याकडे बहुतेक शो थंडीत असतात आणि त्याआधीचे चार महिने पावसाचे. फिरणं कमी झालं की वजन चढतं, नखंही झिजत नाहीत. म्हणून निर्णय जूनमध्येच घेतलेला बरा.

भरलेलं की सडपातळ?

‘थोडं भरू द्या, रिंगमध्ये उठून दिसेल’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. लॅब्राडॉरचा भरदारपणा हाडातून आणि स्नायूतून येतो, आणि तो वयानुसारच येतो. बरगड्यांवर चढलेल्या चरबीला हात लावताच अनुभवी जजला फरक कळतो. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या वाढीच्या पट्ट्या बंद व्हायला साधारण 12 ते 18 महिने लागतात. तोवर सांध्यांवर नको तो भार घालायचा नाही. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर त्यांच्या आयुष्यभर एक अभ्यास झाला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदार भावंडांपेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं होतं. ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्यांचा त्रास उशिरा झाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे वजनाचे तक्ते बाजूला ठेवा. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लॅब्राडॉर मानकात उंची दिली आहे, नराला 56 ते 57 आणि मादीला 54 ते 56 सेंटिमीटर. वजनाचा आकडाच नाही. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. डॉक्टर 1 ते 9 अशा श्रेणीत अंगस्थिती सांगतात, त्यात 4 किंवा 5 हवं.

ड्राय फूड की घरचं?

घरच्या खाण्याच्या बाजूनं बोलायचं तर ताजं चिकन इथे कुठेही मिळतं, पिल्लू आवडीनं खातं, आणि पावसाळ्यात उघड्या पोत्यातलं ड्राय फूड सादळतं. पण चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं. ते भरून काढायला अंदाजानं कॅल्शियमचं सिरप ओतणं हा मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी खरा धोका आहे. जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं त्यांचं शरीर नीट रोखू शकत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. पशुआहारतज्ज्ञाकडून मोजून आखलेला आहार असेल तरच घरचं निवडा. नसेल तर माझा कौल मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या ड्राय फूडला आहे. त्यावर कॅल्शियमचं काहीही वेगळं द्यायचं नाही. पोतं मूळ पॅकिंगसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हिशोब असा. 20 किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 1300 कॅलरी लागतात. ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचं खाणं 350 ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन वेळांत विभागून. वाटीनं नको, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. हा आकडा फक्त सुरुवातीचा; पुढे बरगड्या हाताला कशा लागतात त्यावरून कमीजास्त करा. वरखाणं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचं, म्हणजे 130. आजीनं प्रेमानं भरवलेल्या तूप लावलेल्या दोन पोळ्या तिथेच दोनशेच्या वर जातात. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, हे समजावून सांगा. साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असतो, हे 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हा त्याच्या केविलवाण्या नजरेवरून भूक ठरवू नका.

क्लिपर की ग्राइंडर?

क्लिपर म्हणजे नखं कापायची कात्री: स्वस्त, आवाज नाही, काम झटपट. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी, म्हणजे क्विक, दिसते. तिथे क्लिपर पुरतो. काळ्या नखात ती दिसत नाही. एक घाव चुकला तर रक्त येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पिल्लू पुढे पंजा हातात देत नाही. ज्याला रिंगमध्ये अनोळखी माणसाकडून तपासून घ्यायचं आहे, त्याला ही भीती परवडणारी नाही.

ग्राइंडर म्हणजे नख घासणारं फिरत्या टोकाचं यंत्र: महाग, घरघर करणारं, वेळखाऊ. पण नख थर-थर उतरतं, कडा गुळगुळीत राहते, आणि मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबता येतं. एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, नख तापतं. शोच्या पिल्लासाठी मी ग्राइंडरच घेईन. नखं फार वाढलेली असतील तर आधी क्लिपरनं टोकं काढायची. लांब केसांची जात असेल तर पंजाचे केस बाजूला धरा, ते फिरत्या टोकात गुंततात. आधी काही दिवस नुसता यंत्राचा आवाज आणि हातात खाऊ, मग एकच नख.

दर आठवड्याला थोडं थोडं घासलं की क्विक मागे सरकते. महिन्यातून एकदा ग्रूमरकडे नेऊन हे साधत नाही, त्यामुळे ग्रूमर हा पर्याय मी फक्त हात थरथरणाऱ्यांना सुचवेन. रस्त्याच्या काँक्रीटवर नखं थोडी झिजतात, वर्सोव्याच्या वाळूत नाही. तिथे धावून मांड्या मात्र भरतात. पुढच्या पायांचं आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, ते वळून मांसात रुतू शकतं. दर वेळी तेही बघा.

रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर हाताशी असू द्या. नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. आणि शोच्या आदल्या दिवशी नखांना हात लावू नका. क्विक लागली तर पिल्लू दुसऱ्या दिवशी लंगडतं, म्हणून शेवटचं घासणं चार-पाच दिवस आधी उरका.