खुर्चीवर बसवायचं कसं, उतरवायचं कसं? अध्यक्षीय की संसदीय

हनुमान टेकडीवर रोज सकाळी भेटणाऱ्या आमच्या गटात २०२२ पासून एक वाक्य वरचेवर कानावर येतं: "आता अध्यक्षीय पद्धतच आणा." म्हणजे सरकारचा प्रमुख आमदार-खासदारांच्या बहुमतावर नको, लोकांनी ठरावीक मुदतीसाठी निवडलेला हवा. राग खोटा नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये एकदाच बोटाला शाई लावली आणि त्याच विधानसभेत तीन मुख्यमंत्री झालेले पाहिले. पण बाजू घेण्याआधी, माणूस खुर्चीवर बसतो कसा यापेक्षा तो उतरतो कसा, ते तपासा.

अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी येतो. आमदार हॉटेलात ठेवून सरकार पाडायचा प्रकार तिथे संभवतच नाही. मंत्रीही संसदेबाहेरचे असतात, म्हणजे त्या विषयातला जाणकार नेमता येतो. हा मोठा गुण आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण माणूस चुकीचा निघाला तर? महाभियोगाच्या खटल्यात त्याला हटवायला सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ ते २०२१ या काळात असे चार खटले चालले, एकदाही अध्यक्ष हटला नाही. शिवाय अध्यक्ष आणि संसद यांचं बिनसलं की खर्चाची मंजुरी अडते. डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तिथली अनेक सरकारी खाती बंद होती.

आपल्याकडे संसदीय पद्धत आहे, सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकतं. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०. सरकार गेलं. पर्यायी बहुमत कुणालाच जुळवता आलं नाही आणि देश पुन्हा मतदानाला निघाला. जर्मनीत यावर उपाय आहे: नवा चॅन्सेलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, निवडल्याशिवाय अविश्वास ठरावाने जुना हटवता येत नाही. १९८२मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. पद्धत बदलण्यापेक्षा ही दुरुस्ती मला जास्त पटते.

४ नोव्हेंबर १९४८ला राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हेच तोललं होतं: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. पसंती जबाबदारीला मिळाली, कारण प्रश्न आणि ठरावांतून सरकारला रोज जाब विचारता येतो.

हे मला पटलं ते आमच्या सोसायटीत. सभासद कमिटी निवडतात, कमिटी चेअरमन निवडते. एका उन्हाळ्यात टँकरच्या बिलांचा हिशेब मागितला की चेअरमन विषय टाळायचे. अकरापैकी आठ जण बैठकीत वही पुढे ठेवून बसले, पान पान विचारत गेले. रात्री साडेदहाला चेअरमननी राजीनामा लिहून दिला. सगळ्यांनी थेट निवडून दिलेले असते, तर "मला सभासदांनी निवडलंय" म्हणत पाच वर्षं बसले असते.

तरीही मन ठरत नसेल, तर लोणावळ्याला जा. तिथला नगराध्यक्ष थेट मतदार निवडतात. पुण्याचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. दोन्हीकडच्या सर्वसाधारण सभेला एकेकदा बसा आणि प्रश्न विचारल्यावर कोण उठून उत्तर देतं ते बघा.