सुरू होते आणि लगेच मान टाकते: पिकअपसाठी आधी प्रेशर गेज घ्यावा की स्कॅनर?

पिकअप पहिल्या सेल्फला सुरू होते, चार-पाच सेकंद चालते आणि बंद पडते. अशा वेळी बहुतेक जण गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मागवतात. त्यात कोड सापडला नाही की अंदाजाने फ्युएल पंप बदलला जातो, आणि गाडी तशीच मरत राहते. या एका दोषापुरतं आमचं मत ठाम आहे. आधी ० ते १०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) काट्याचा फ्युएल प्रेशर गेज किट घ्या, त्याच्याबरोबर नॉइड लाइट, म्हणजे इंजेक्टरला कंप्युटरचा आदेश मिळतोय का ते दाखवणारा छोटा दिवा घ्या, आणि स्कॅनरचा विचार नंतर करा. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नसून या तीन साधनांचं आहे, तेही मुख्यतः पेट्रोल पिकअपसाठी.

खरं तर किट उघडण्याआधीच गाडी कशी बंद पडते ते नीट बघायला हवं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. किल्ली स्टार्टवरून सोडली त्याच क्षणी इंजिन गेलं, तर इग्निशन स्विचचा रन कॉन्टॅक्ट (किल्ली ऑन असताना वीज देणारा संपर्क) तपासा. जुन्या पॉइंटवाल्या किंवा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा भाग) असलेल्या गाड्यांत तो रेझिस्टर जळला की हेच होतं: सेल्फ मारताना कॉइलला बायपासने करंट मिळतो, किल्ली सोडली की तो तुटतो. यासाठी टेस्ट लॅम्प पुरेसा आहे. इंजिन दर वेळी साधारण दोन सेकंदांनीच जात असेल आणि सिक्युरिटीचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) इंधन फवारणारे इंजेक्टर बंद केलेत. जनरल मोटर्सच्या पासलॉक ही चोरीविरोधी यंत्रणा असलेल्या पिकअपमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे. किल्ली ऑन ठेवून दिवा विझेपर्यंत सुमारे १० मिनिटं थांबायचं, मग बंद करायचं, आणि असं एकूण तीनदा केलं की ती यंत्रणा नव्याने शिकते. दोष पुन्हा आला तर मात्र लॉकमधला सेन्सर किंवा त्याची वायर बघावी लागेल. ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरल्यावर गाडी चालत राहते आणि पाय काढला की मरते, असं असेल तर हवा कमी पडते आहे. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडीवरची काजळी साफ करा. रेस देऊनही इंजिन आचके देत, हळूहळू दम तोडत असेल, तर गेजची वेळ आली.

गेज फ्युएल रेलवरच्या (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवरच्या) श्रेडर व्हॉल्व्हला, म्हणजे टायरसारख्या तपासणीच्या व्हॉल्व्हला लागतो. इथेच स्वस्त किट पहिल्यांदा फसतात. जनरल मोटर्सच्या रेलवर व्हॉल्व्ह मोठ्या मापाचा असतो, फोर्डच्या बऱ्याच गाड्यांवर टायरच्या व्हॉल्व्हएवढा. दोन्ही ॲडॅप्टर किटमध्ये हवेत. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या (इंधन थ्रॉटलपाशीच फवारणाऱ्या) जुन्या पिकअपवर श्रेडर बहुधा नसतोच, तिथे लाइनमध्ये बसणारा टी-ॲडॅप्टर लागतो. होज इतका लांब हवा की बॉनेट खाली करून डायल विंडशील्डवर वायपरखाली अडकवता येईल. इंजिन मरताना काटा काय करतो हे सीटवरून दिसलं नाही, तर गेजचा निम्मा उपयोग वाया गेला. तिसरी गोष्ट म्हणजे प्रेशर सोडण्याचं बटण आणि त्याची पारदर्शक नळी. ज्या किटमध्ये हे नाही तो घेऊ नका. प्रत्येक वेळी गेज काढताना गरम इंजिनावर पेट्रोल उडेल.

आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच धरा, पण पल्ल्यांचा अंदाज असावा. जनरल मोटर्सच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला ९ ते १३ पीएसआय पुरतं. बऱ्याच मल्टिपोर्ट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनांना ३५ ते ४५ लागतं. १९९६पासूनच्या जनरल मोटर्सच्या ५.७ लिटर व्हॉर्टेक इंजिनाला किल्ली ऑन, इंजिन बंद अशा स्थितीत ६० ते ६६ लागतं, आणि हे इंजिन या बाबतीत फार हट्टी आहे. ५५ च्या खाली ते सुरू होईल न होईल, झालं तरी टिकणार नाही. इतर इंजिनांच्या सवयीने ‘५० आहे, ठीक आहे’ म्हणणारे इथेच चुकतात. १०० पीएसआयची डायल ९-१३ च्या पट्ट्यात फारशी अचूक नसते; जुनी थ्रॉटल बॉडीची गाडी असेल तर कमी पल्ल्याची डायल वेगळी घ्यावी.

किल्ली ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो, तेव्हा काटा कुठे पोचला ते टिपा. मग सुरू करा. काटा आधी पडला आणि मग इंजिन गेलं, तर दोष इंधनाचा. पंपाला वीज देणारा रिले (विजेचा स्विच) पहिला संशयित, त्याच मापाच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहा. पुढे पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टहून जास्त घट आहे का ते मल्टिमीटरने मोजा. पिकअपमध्ये टाकी चासीखाली चिखलपाण्यात असते आणि अर्थिंगचा बोल्ट गंजून पंप अर्ध्या दमाने चालतो. चांगले पंप असेच कचऱ्यात जातात.

इंजिन बंद केल्यावर काटा हळूहळू उतरतो म्हणून पंप बदलणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या गळतीमुळे पुढच्या वेळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. चालतं इंजिन त्याने बंद पडत नाही. तो दोष वेगळा. मात्र रिटर्न लाइनच्या (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) गाडीत प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून पाहा. नळीत पेट्रोल आलं असेल तर आतला पडदा फाटलाय, इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतंय आणि सायलेन्सरमधून काळा धूर येत असणार. नळी काढल्यावर प्रेशर ८ ते १० पीएसआयने चढायला हवं.

गेजची मोठी मर्यादा ही की तो दाब दाखवतो, प्रमाण नाही. चोक झालेल्या फिल्टरमागे, इंधन वाहत नसताना, काटा झोकात ६० दाखवतो. म्हणून पारदर्शक नळी मापाच्या भांड्यात सोडा, रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ हे पिन फ्यूज असलेल्या वायरने जोडून पंप चालवा. ३० सेकंदांत अर्धा लिटर तरी यायला हवं. भांडं इंजिनापासून लांब ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा.

काटा पडलाच नाही आणि तरी इंजिन गेलं, तर नॉइड लाइट. एका इंजेक्टरचं कनेक्टर काढून त्यात तो बसवायचा. इंजिन एका सिलिंडरने कमी चालेल, चालू द्या. इंजिन मरण्याआधी लुकलुकणं थांबलं तर आदेशच थांबलाय: इमोबिलायझर, क्रँक सेन्सर, किंवा कंप्युटरचा पॉवर रिले. लुकलुकणं शेवटपर्यंत चालू आणि दाबही टिकून, तर स्पार्क, हवा किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बोटाएवढ्या या दिव्याने गेजइतकंच काम केलं, आणि किटमध्ये वेगवेगळ्या कनेक्टरचे सहा-सात तुकडे मिळतात. फक्त ते ओळखायला वेगळे रंग असतील असा संच निवडा.

आता स्कॅनर. तो वाईट नाही, या दोषासाठी संथ आहे. जुन्या पद्धतीच्या रेलवर प्रेशर सेन्सरच नसतो, त्यामुळे कंप्युटरला दाब कमी असल्याचं कळतच नाही. मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) असल्याचा पी ०१७१ हा कोड उमटायला इंजिन गरम होऊन ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर चालावं लागतं. पाच सेकंदांत मरणारं इंजिन तिथवर पोचत नाही. ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही. स्वस्त अडॅप्टर सेकंदाला जेमतेम काही वाचनं देतात, आणि सेल्फच्या वेळी व्होल्टेज पडलं की काहींचा संपर्कच तुटतो. अडॅप्टरवर ‘ईएलएम३२७ आवृत्ती १.५’ (ईएलएम३२७ ही आतली चिप) असं छापलेलं दिसलं तर ती नक्कल समजा. मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही. जुन्या फोर्ड आणि जनरल मोटर्स पिकअपचा कंप्युटर ज्यात बोलतो ती जे१८५० भाषा अशा कित्येक नकलांना येत नाही.

स्कॅनर एका ठिकाणी मात्र खरोखर उपयोगी पडतो: हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर. आयडलिंगला ग्रॅम प्रति सेकंद हा आकडा ढोबळमानाने इंजिनाच्या लिटरइतका असतो. पाच लिटरच्या इंजिनाला दीड-दोन दिसत असेल तर सेन्सर मळलाय किंवा सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधली हवेची नळी फाटलीय. या सेन्सरचं कनेक्टर काढल्यावर गाडी टिकली, तर संशय पक्का.

डिझेल पिकअपवाल्यांनी हा गेज फक्त टाकीकडच्या कमी दाबाच्या लाइनवर, तोही योग्य ॲडॅप्टरने लावावा. कॉमन रेलची पाइप ढिली करून बघणं जीवावर बेतू शकतं. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक फवारा कातडीत घुसतो. रेल प्रेशर तिथे स्कॅनरवर थेट वाचता येतं, म्हणून डिझेलसाठी आमचा क्रम उलटा. पण आधी पारदर्शक नळीचा तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये लावून बुडबुडे येतात का ते बघा. लाइन हवा घेत असेल तर ते तिथेच दिसेल, कुठलाही किट न उघडता.