इंदूरमध्ये गाडीचा साउंड दुरुस्त करायला दिला, २२,८५० रुपये गेले

दुकानाचं नाव लिहित नाहीये कारण नोटीस पाठवलीय आणि वकील म्हणाले आत्ता गप्प बसा. पण गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचं काम घेऊन कुठल्याही चकाचक काचेच्या दुकानात शिरायच्या आधी हे वाचून घ्या. मी स्वतः इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला, पिथमपूरला कंपनीत पॅनलवर काम करतो, त्यामुळे घरात काय काय ऐकून घेतलं असेल ते समजून घ्या. मेहुणा अजूनही फोन केला की आधी विचारतो, "काय मग, करंट येतोय ना?"

तक्रार एवढीशी होती. गाणं लावलं की मागून बारीक सूंऽऽ असा आवाज, रेस दिली की तो चढायचा, आणि खड्ड्यात गाडी आदळली की साउंड बंद होऊन परत चालू. ज्याला थोडंफार कळतं तो म्हणेल अर्थिंग बघा. मीही हेच म्हणालो हो! त्यावर दुकानदार हसला, "भिया, अर्थिंग नी है, आवाज रेस के साथ बढ़ रिया है मतलब अल्टरनेटर का डायोड गया, उसी ने एम्प भी उड़ा दिया." (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, आणि एम्प म्हणजे ॲम्प, स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर.) इतक्या खात्रीने बोलला की समोरच्या माणसाला वाटावं आपलंच शिक्षण कमी पडलं.

आता तो क्षण. हे लिहिताना अजून डोकं फिरतं. डिकी उघडून त्याने मीटर काढला, लाल प्रोब ॲम्पच्या प्लसवर ठेवली आणि काळी प्रोब टेकवली डिकीच्या काठावर, सरळ पेंटवर, माझ्या गाडीचा पांढरा चकचकीत पेंट, त्यावर. मीटरवर ०.००. "देखो, करंट ई नी आ रिया." अरे पेंटमधून करंट जातो का, तिथे प्रोब ठेवल्यावर काय येणार, माझं कपाळ? कंपनीत नवीन पोरं आली की मीच सांगतो, पॅनलच्या दाराला अर्थिंग करताना पेंट खरवडा नाहीतर दातेरी वॉशर लावा. आणि त्याहून पुढची गोष्ट, पाच मिनिटांपूर्वी तोच ॲम्प त्याच्याच समोर वाजत होता! करंट येत नव्हता तर वाजला कशावर, हवेवर?

पण मी तरी काय करणार. भाचीचं लग्न होतं नाशिकला, बायकोचे फोनवर फोन चालू होते, आणि आमचं काम ४१५ व्होल्टच्या पॅनलचं, गाडीत सगळी बॉडीच मायनस असते ते डोक्यात पटकन येत नाही. शिवाय तीन पोरं एकदम गाडीला भिडली होती, एकाने स्टिरिओ बाहेर काढला, एकाने सीट, एकाने चहा आणून हातात दिला. अशा वेळी कोण वाद घालतो?

हिशोब असा: ॲम्प १३,८००, वायरिंग किट ३,२५०, अल्टरनेटरचं काम ४,६००, मजुरी १,२००. एकूण २२,८५०. त्यातले १०,००० यूपीआयने, क्यूआर भलत्याच माणसाच्या नावाचा, उरलेले १२,८५० रोख, कारण "पक्का बिल लोगे तो जीएसटी अलग से लगेगा". हातात आली कच्ची चिठ्ठी. जुना ॲम्प मागितला तर म्हणे तो स्क्रॅप झाला. जुना पार्ट सोडू नका, काही झालं तरी सोडू नका.

डेमो दिला तो इंजिन बंद ठेवून! इंजिन बंद असताना तो सूंऽऽ येणारच कुठून? डेमो घ्यायचा तर गाडी चालू करून, लाइट लावून, रेस देऊन घ्या.

निघायच्या आधीच सेल्फ जरा जड मारत होता, मला वाटलं थंडी. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात पहिल्यांदा गाणी लावली तर आवाज होता तस्साच. रात्री धुळ्याला मुक्काम केला, सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक्. सासरेबुवा आहेराच्या साडीच्या पिशव्या घेऊन बाहेर उभे आणि मी आणि लॉजवाला गाडी ढकलतोय.

तिथे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही, डिकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "किल्ली तुमच्या खिशात आहे ना? मग ह्याचा दिवा का चालू आहे?" ॲम्पची निळी-पांढरी बारीक वायर, जिच्यावर तो चालू-बंद होतो, ती स्टिरिओच्या मागे पिवळ्या वायरला पिळून वर टेप मारलेली. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची, किल्लीवरची असते ती लाल. म्हणजे ॲम्प रात्रभर जागा. उभ्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आसपास खायला पाहिजे, हा त्याच्या कितीतरी पट खात बसला होता.

मग एकेक निघायला लागलं. अल्टरनेटरच्या बोल्टवर मातीचा थर जसाच्या तसा, पाना लागलेलाच नाही, इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला तर १४.१ व्होल्ट, म्हणजे अगदी ठणठणीत (१३.८ ते १४.४ मध्ये असेल तर अल्टरनेटरच्या नावाने कुणालाही पैसे देऊ नका, आणि डायोडचीच शंका असेल तर मीटर एसीवर ठेवून बॅटरीवरच बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तरच पुढचं बोलणं). किटची जाड वायर ब्लेडने खरवडली तर वरून तांबं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. "नवीन" ॲम्पच्या स्क्रूंवर जुने ओरखडे, सिरियल नंबर घासलेला. आणि अर्थिंगचा स्क्रू कार्पेटखाली पेंटवरच! काकांनी सँडपेपरने चार बोटं जागा घासली, वायरच्या टोकाचा लग आवळला, आवाज गायब. निळी वायर जागेवर लावली. घेतले ३५०.

इंदूरला परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. "चोरी हुई क्या? नी ना? तो ये लेनदेन का मामला है." दुकान दुसऱ्या हद्दीत म्हणून दुसरीकडे पाठवलं, तिथल्या साहेबांनी माझ्यासमोर दुकानदाराला फोन लावला आणि त्याच्याशी बोलत बसले क्रिकेटवर. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली, ती "तक्रारदार संतुष्ट" असं लिहून बंद झाली, मला एकही फोन न करता. कोण संतुष्ट, कधी झालो मी संतुष्ट? परत उघडायला लावली तर तिथली मुलगी म्हणते पक्कं बिल अपलोड करा. अहो बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. सगळे कायद्यानेच बोलतात आणि प्रत्येकाचा कायदा बरोबर माझ्यापाशी येऊन संपतो.

बिल नसलं तरी ग्राहक आयोगात जा, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कच्ची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं लावा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं, आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून नंबर घेऊन ठेवा. मी धुळ्याच्या काकांकडून लिहून घेतलंय, वायरचे फोटो काढलेत. तीनशे-चारशेचा मीटर गाडीत ठेवा आणि काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर ठेवून बघा, दुकानदाराचा हात लागू न देता. मीटर सिरीजमध्ये लावून करंट मोजत असाल तर सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

नोटीस मिळाल्यावर परवा त्याचाच फोन आला. मला वाटलं पैशाचं बोलेल. म्हणाला, "भिया, वो आपका पुराना एम्प मिल गया, चालू है एकदम, २,५०० दे दो और ले जाओ." कॉल रेकॉर्ड झालाय, वकिलांना पाठवलाय.