टायर प्रेशर सेन्सर चांगलेत, पण फ्रिक्वेन्सी बघूनच घ्या
चारही सेन्सर बसवले तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही जाईना, मिनिटभर लुकलुकायचा आणि मग तसाच पेटून राहायचा, म्हणजे हवा कमी नव्हती, सिग्नलच पोचत नव्हता. दोन दिवस नुसता वैताग. शेवटी एक काढून बघितला तर बारीक अक्षरात ३१५ मेगाहर्ट्झ, आणि जुन्या ओरिजिनलवर ४३३! मग कसले पेअर होतायत. बदलून लगेच मिळाले, पण हे युनिव्हर्सल आहेत, आधी सेन्सरच्या प्रोग्रामिंग टूलने गाडीच्या मॉडेलप्रमाणे प्रोग्राम करा, मग रीलर्न (म्हणजे गाडीला नवे सेन्सर ओळखायला लावणं), आणि उभ्या गाडीत ते झोपलेले असतात म्हणून व्हॉल्व्हजवळ टूल धरून एकेक जागा करावा लागतो. आता रीडिंग एकदम बरोबर येतंय. बॉक्सवर फ्रिक्वेन्सी मोठी छापा ना राव, टायर दोनदा उतरवावे लागले.