झुंबा, योगवर्ग की ऑनलाइन? चारचौघींत संकोचणाऱ्यांसाठी

वजन किती उतरेल ते नंतर बघू. लोकांसमोर हातपाय हलवायचीच लाज वाटत असेल, तर क्लास निवडताना आधी दोन गोष्टी बघा: समोर आरसा आहे का, आणि सगळ्यांबरोबर एकाच ठेक्यावर नाचावं लागतं का. आरशाची बाब किरकोळ नाही. कॅनडात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांनी २० मिनिटं सायकल चालवली. आरशासमोर चालवणाऱ्यांना नंतर इतरींइतकं बरं वाटलं नाही.

झुंब्यात आरसाही असतो आणि ठेकाही. गाण्यांत तास कसा सरतो कळत नाही, हे खरं. पण नवख्या बायका हमखास शेवटची रांग धरतात आणि तिथेच फसतात. अर्धी गिरकी आली की शेवटची रांग पहिली होते, आणि बघून करायला समोर कुणीच उरत नाही! दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत कडेची जागा धरा. त्यासाठी दहा मिनिटं आधी पोहोचा. पहिले दोन आठवडे फक्त पाय जमवा, हात नंतर. बाळंतपणानंतर उड्या मारताना लघवीचे थेंब जाणं अनेकींना होतं. उडीऐवजी बाजूला पाऊल टाका आणि फिजिओथेरपिस्टला ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम विचारा.

योगवर्गात जो तो आपापल्या मॅटवर, बराच वेळ डोळे मिटून. संकोच जास्त असेल तर सुरुवात इथूनच करावी. ढगळा टी-शर्ट अधोमुख श्वानासनात तोंडावर येतो, खोचून घ्या. शिक्षक हात लावून आसन सुधारतात. नको असेल तर आधीच सांगा, 'तोंडी सांगा'. पवनमुक्तासनात गॅस सुटायची भीती वाटते? जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. तरी सुटलाच, तर तो त्या आसनाचा गुणच.

ऑनलाइनमध्ये कॅमेरा बंद ठेवला की कुणी बघत नाही, पण गुडघा चुकीचा वाकला तरी कुणी सांगत नाही. शिवाय वन बीएचकेत हॉलमध्ये सासरे टीव्ही बघत असतील, तर क्लासमधल्या अनोळखी बायका परवडल्या.

'फक्त महिलांची बॅच' मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. 'बाळंतपणानंतर फारच सुटलीस गं' हे बहुधा बायकाच म्हणतात. ट्रायल क्लासला शिकवणारी मापं-वजनं सगळ्यांसमोर घेते का, नाव घेऊन चूक काढते का, ते बघा. घेत-काढत असेल तर फी भरू नका.

मात्र हळदीकुंकू, पालकसभा अशा ठिकाणीही छाती धडधडते, जाणंच टाळलं जातं, असं असेल तर प्रश्न क्लासचा नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोला.