खराब झाली होती किनार, घरातून गेले वूफर

जुने, नामांकित स्पीकर घरी येऊन दुरुस्त करून देतो असे सांगणाऱ्या एका कारागिराने आमची जी फसवणूक केली, ती येथे तपशिलासह लिहीत आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कित्येक घरांत आखातातून किंवा इंग्लंडहून आणलेले चांगले स्पीकर आजही आहेत, त्यांचे वय आता तीस-चाळीस वर्षांचे झाले आहे, आणि त्यांच्या ड्रायव्हरांना, म्हणजे पेटीतल्या प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागांना, दुरुस्तीची गरज नेमकी याच काळात पडू लागली आहे. त्यामुळे आमच्याकडे आलेला माणूस तुमच्याही दाराशी येण्याची शक्यता आहे.

आमचे स्पीकर केईएफ या इंग्लिश कंपनीचे ‘रेफरन्स १०४/२’ हे मॉडेल. ते १९८४ साली बाजारात आले. माझे मामा मस्कतमध्ये नोकरीला होते आणि परत येताना त्यांनी ही जोडी आणली. त्यांच्या पश्चात ती पाचपाखाडीच्या आमच्या घरी आली. या स्पीकरची रचना मुद्दाम सांगतो, कारण फसवणुकीला तीच सोयीची ठरली. समोरची जाळी काढली की मधल्या सुरांचे दोन लहान ड्रायव्हर आणि उंच सुरांचा ट्वीटर दिसतात, पण खर्जाचे ८ इंची दोन वूफर पेटीच्या आत बंदिस्त असतात आणि त्यांचा आवाज समोरच्या गोल भोकातून बाहेर येतो. आतल्या त्या दोन वूफरांचे चुंबक एका धातूच्या दांड्याने एकमेकांशी जखडलेले असतात, जेणेकरून एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने रद्द व्हावा आणि पेटी थरथरू नये. घरी कोणी नवीन आले की मामा पेटीच्या माथ्यावर रुपयाचे नाणे कडेवर उभे करून तबल्याची ध्वनिमुद्रिका लावत, आणि नाणे पडत नसे.

अशा स्पीकरात झिजते काय, हे आधी समजून घ्यायला हवे. वूफरच्या कागदी किंवा प्लास्टिकच्या कोनाभोवती, म्हणजे मागे-पुढे हलणाऱ्या शंकूभोवती, जी मऊ, गोलाकार किनार असते, तिला सराउंड म्हणतात. त्या काळातल्या पुष्कळ स्पीकरांत ती पॉलियुरेथेन फोमची असे. हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन या फोमची रासायनिक साखळी हळूहळू तोडतात. पंधरा-वीस वर्षांत तो ठिसूळ किंवा चिकट होतो आणि बोट लावताच त्याचा चुरा होतो. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत याला जास्त वेळ लागत नाही, आणि स्पीकर न वाजवता झाकून ठेवल्यानेही ते थांबत नाही. ट्वीटरचे दुखणे वेगळे. त्याच्या कॉइलभोवतीच्या, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याभोवतीच्या, अरुंद फटीत फेरोफ्लुइड नावाचा चुंबकीय द्रव भरलेला असतो, जो कॉइलची उष्णता चुंबकाकडे नेतो. (हा द्रव १९६३ साली नासामध्ये, वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून तयार झाला होता.) वर्षानुवर्षांनी तो घट्ट होतो, कॉइल त्यात अडकल्यासारखी हलते आणि झांजांचा, टाळांचा आवाज मंद होतो. दोन्ही बिघाडांत चुंबक, कॉइल, कोन आणि लोखंडी सांगाडा हे सगळे बहुधा शाबूत असते. खराब झालेला भाग स्वस्त आणि शाबूत असलेला भाग महाग, असा हा प्रकार आहे, आणि ग्राहकाला याच्या नेमके उलट पटवून देणे हेच या धंद्यातले सारे कौशल्य आहे.

तो कारागीर एका जाहिरातीवरून आला. तुर्भ्याच्या एमआयडीसीत आपले वर्कशॉप आहे असे त्याने सांगितले. बोलणे अदबशीर होते, हात सराईत होते. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून त्याने एक पेटी उघडली, आतला वूफर बाहेर काढला आणि उरलेल्या फोमचा चुरा तळहातावर घेऊन मला दाखवला. येथवर सारे खरे होते. मग त्याने कोनाच्या एकाच कडेवर अंगठा ठेवून तो आत दाबला. आतून खर्र असा आवाज आला. “साहेब, कॉइल जळाली आहे. नुसता फोम टाकलात तर पैसे पाण्यात जातील,” तो म्हणाला. वास्तविक किनार गळून पडलेला कोन एका बाजूने दाबला, तर तो तिरका होणार आणि धडधाकट कॉइलसुद्धा चुंबकाला घासणारच. कॉइल तपासायची असेल तर समोरासमोरच्या दोन जागी दोन्ही हातांची बोटे ठेवून कोन समतोल आत-बाहेर करावा लागतो, आणि तेव्हाही घासल्याचा आवाज आला तरच शंकेला जागा असते.

माझा चेहरा पाहून त्याने मल्टीमीटर काढला. लाल सुईचे टोक त्याने टर्मिनलवर टेकवले आणि काळ्या सुईचे टोक दुसऱ्या टर्मिनलऐवजी शेजारच्या रंगवलेल्या सांगाड्यावर. साहजिकच मीटरने वीज वाहत नसल्याचे दाखवले. हे सारे दोन-तीन सेकंदांत झाले. माझा मामेभाऊ त्या वेळी बाजूला उभा राहून आठवण म्हणून मोबाइलवर फोटो काढत होता, त्या फोटोंतल्या एकात ही काळी सुई कुठे टेकली आहे ते स्पष्ट दिसते. दोन्ही सुया दोन टर्मिनलांवर नीट टेकवल्या, तर ८ ओहमच्या निरोगी कॉइलला मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा आणि ४ ओहमच्या कॉइलला तीन ते साडेतीन असा आकडा दिसतो. जळालेल्या कॉइलला एकतर काहीच आकडा येत नाही किंवा तो याहून फार वेगळा येतो. मीटर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि ही तपासणी आपली आपण करता येते.

चारही वूफरांचे ‘कंपनीच्या किटने’ रिकोनिंग, म्हणजे नवा कोन, नवी कॉइल आणि नवी किनार, शिवाय दोन्ही ट्वीटरांना नवीन डायफ्रॅम, म्हणजे आवाज काढणारा पातळ घुमट, असा ४६,००० रुपयांचा अंदाज त्याने दिला. निम्मी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली आणि ड्रायव्हर गोणपाटात गुंडाळून नेले. पावती म्हणून एका कोऱ्या कागदावर ‘स्पीकर रिपेरिंग’ एवढेच लिहिले होते. ड्रायव्हरांची संख्या नाही, मॉडेल नाही, चुंबकावरचे आकडे नाहीत.

मग ठरलेल्या तारखा टळू लागल्या. शेवटी तो आला तो घरी एकटी आई असताना. आईच्या म्हणण्याप्रमाणे, तिचा चहा उकळेपर्यंत एक पेटी बंदसुद्धा झाली होती. स्क्रूंच्या डोक्यांवर त्याने डिंकासारखे काहीतरी भरले आणि “आता उघडू नका, हवा बंद केली आहे,” असे बजावले. अँप्लिफायरचा खर्जाचा खटका पूर्ण फिरवून गाणे लावले, आईने फोनवर ते मला ऐकवले, आणि उरलेली रक्कमही गेली. जुने कोन आणि कॉइल परत मागितल्या, तेव्हा “तो माल भंगारात जातो, परत द्यायची पद्धत नाही,” असे उत्तर मिळाले.

खटका मूळ जागी आणल्यावर खर्ज पोकळ वाटू लागला, आणि आवाज वाढवला की तो घुमायचा. मामेभावाने मामांचा जुना खेळ म्हणून पेटीवर नाणे उभे केले, तर ते पहिल्याच ठेक्याला पडले. पेटीवर हात ठेवला तर ती चक्क थरथरत होती. आम्ही डिंक खरवडून पेटी उघडली. आत पातळ पत्र्याच्या सांगाड्याचे, भलत्याच बनावटीचे वूफर होते. त्यांच्यावर काळा रंग इतक्या घाईने फवारलेला होता की तो टर्मिनलांच्या पितळी पट्ट्यांवरही उडाला होता. स्क्रूंची भोके जुळत नसल्यामुळे प्रत्येक वूफर दोनच स्क्रूंवर तोललेला होता आणि उरलेल्या फटींत लांबी (पुट्टी) भरली होती. दांडा जोडायला चुंबकाच्या पाठीत आटे पाडलेले भोक लागते. या वूफरांना ते नव्हतेच, त्यामुळे तो दांडा पेटीच्या तळाशी आवाज शोषण्यासाठी भरलेल्या लोकरीत खुपसून ठेवलेला सापडला. दुसऱ्या पेटीची हीच अवस्था होती.

ट्वीटर मात्र आमचेच होते. डायफ्रॅम बदललेला नव्हता, मीटरवर कॉइलही ठीक होती. घट्ट झालेले फेरोफ्लुइड साफ करण्याऐवजी त्याने फटीत साधे तेल सोडले होते. फेरोफ्लुइडला चुंबक जागेवर धरून ठेवतो, साध्या तेलाला धरत नाही. ते ओघळून एका ट्वीटरच्या घुमटावर डाग पडला होता, आणि तोच पाहून आम्ही ट्वीटरही खोलले.

मूळ वूफर कुठे गेले असतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. जुन्या, चांगल्या स्पीकरांच्या मूळ ड्रायव्हरांना जगभर गिऱ्हाईक आहे, कारण ते आता बनत नाहीत. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकाच्या ड्रायव्हरांना तर विशेषच, कारण १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट महागल्यावर बहुतेक कंपन्यांनी ते चुंबक सोडून फेराइटच्या चुंबकांकडे मोर्चा वळवला. दुसरा प्रकार म्हणजे सांगाडा आणि चुंबक मूळचा ठेवून आत मिळेल तो कोन बसवणे. वाशीतल्या आमच्या एका परिचितांच्या जेबीएल ४४३० या स्टुडिओ मॉनिटरांच्या (ध्वनिमुद्रण ऐकून पारखण्याच्या स्पीकरांच्या) बाबतीत हे घडले. त्यातल्या २२३५एच या १५ इंची वूफरच्या कॉइलपाशी कंपनीने मुद्दाम एक वजनदार कडे बसवलेले असते आणि त्यामुळेच त्याची नैसर्गिक कंपनसंख्या २० हर्ट्झ इतकी खाली येते. कारागिराने कडे न बसवता साधा कोन लावला. बाहेरून ओळखू येत नाही. आवाजही थोडा मोठा होतो, त्यामुळे ग्राहक खूश होतो, पण सर्वांत खालचा खर्ज गेलेला असतो. संगणकाचे साउंड कार्ड, एक रेझिस्टर आणि फुकट मिळणारे मोजमापाचे सॉफ्टवेअर एवढ्यावर ही कंपनसंख्या घरी मोजता येते. ड्रायव्हर कारागिराकडे सोपवण्यापूर्वी आणि परत आल्यावर ती मोजून ठेवली, तर अदलाबदल लपत नाही. मात्र किनार नवी झाल्यामुळे आकड्यात थोडा फरक पडणारच, तेवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये.

आम्ही जाब विचारला तेव्हा त्या गृहस्थाने आधी सगळे नाकारले आणि नंतर नंबर बंद केला. पोलीस ठाण्यात पहिला सल्ला मिळाला तो “हे दिवाणी प्रकरण आहे” असा. तरीही आम्ही लेखी अर्ज देऊन पोच घेतली, कारण दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा आणि खोटी तपासणी दाखवून पैसे काढणे हा कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, म्हणजे वर्कशॉप तुर्भ्याला की आणखी कुठे, हा वाद उरत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमच्याकडे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचा अंदाज आणि मामेभावाचे फोटो आहेत. पावतीपेक्षा या तिन्हींचाच आधार जास्त आहे.

फक्त फोम बदलणे हे काम तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच टेबलावर होऊ शकते आणि ते तसेच करून घ्यावे. जुना फोम आणि डिंक बोथट सुरीने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा. नव्या किनारीचा आतला-बाहेरचा व्यास मोजून घ्यायचा. फोमचा गोलवा जास्त उंच किंवा जाड असला तरी कोनाची हालचाल बदलते. आधी ती कोनाला चिकटवायची, मग सांगाड्याला. या दुसऱ्या टप्प्यातच कॉइल मधोमध राहिली पाहिजे, त्यासाठी कोनाच्या मधोमध असलेली टोपी अलगद कापून फटीत फिल्मच्या पट्ट्या खोचतात, किंवा टोपी न कापता २०-३० हर्ट्झचा सूर अगदी बारीक सोडून घासल्याचा आवाज येत नाही ना ते ऐकत किनार दाबून बसवतात. डिंक वाळायला रात्रभर द्यावा. यातल्या कशासाठीच ड्रायव्हर घराबाहेर जावा लागत नाही. खरोखर कॉइल गेली असेल आणि तो न्यावाच लागला, तर पावतीवर प्रत्येक ड्रायव्हरचा चुंबकावरचा क्रमांक लिहून घ्यावा आणि काढलेले भाग परत देण्याची अट लिहूनच आगाऊ रक्कम द्यावी. प्रामाणिक कारागीर याला आढेवेढे घेत नाही.

ट्वीटर आम्ही दोघांनी घरीच साफ केले. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कागदाच्या घड्या फटीतून पुन्हापुन्हा फिरवून, कागद कोरा निघेपर्यंत, आणि मग योग्य मापाचे नवे फेरोफ्लुइड सोडून. ते उत्तम वाजत आहेत. वूफरांचा प्रश्न तसाच आहे. ठाणे, नवी मुंबई किंवा लॅमिंग्टन रोडच्या परिसरात कोणी केईएफचे ८ इंची चार वूफर एकगठ्ठा विकायला काढले असतील, तर त्यांच्या चुंबकाच्या पाठीत आटे पाडलेले भोक आहे का आणि त्यांपैकी एकावर पांढऱ्या ऑइल पेंटचा बोटभर ओघळ आहे का, एवढे पाहावे. तसे असल्यास ते आमचे आहेत. खरेदी करू नये, फोटो काढून ठेवावा आणि नौपाडा पोलीस ठाण्यात कळवावे.