घाण्यावर दाणे घेऊन जा, भरलेली बाटली आणू नका

आमच्या भागात दोन वर्षांपूर्वी लाकडी घाणा सुरू झाला. पहिले काही महिने मी तिथून तयार बाटलीच आणायचे. भाव विचारला की किलोचा सांगायचे आणि हातात द्यायचे लिटरची बाटली. शेंगतेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दर बाटलीमागे नव्वद ग्रॅम गेले की! बोलले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, सगळीकडे असंच असतं." त्या बाटल्याही दारातल्या फळीवर, थेट उन्हात मांडलेल्या.

दिवाळीच्या आधी गावाहून दाणे आले, तेव्हा १० किलो निवडून घेऊन गेले आणि समोर बसून राहिले. आत घाण्यावर वयस्कर मामा असतात. त्यांनी मूठभर दाणे हातात घेतले, एक दाताखाली फोडला, म्हणाले, "अजून दोन उन्हं द्यायला हवी होती, ताई." तरी घातले. लाट, म्हणजे घाण्यात दाणे चिरडणारं लाकडी मुसळ, इतकी सावकाश फिरते की फेरे मोजता येतात. मध्येच ते ओंजळीने जरा पाणी शिंपडतात, त्याने पेंड धरते आणि तेल सुटतं. पाऊण तास लागला. धारेखाली बोट धरलं तर कोमट, चटका अजिबात नाही.

हिशेब: तेल ४ किलो १०० ग्रॅम, पेंड ५ किलो ६००, बाकी घट. पेंड त्यांना ठेवली तर मजुरी घेत नाहीत. मी मजुरी देऊन पेंड आणली. ताजी पेंड गुळाबरोबर खाल्ली नसेल त्यांना काय सांगायचं!

एक मात्र मामांनी आधी सांगायला हवं होतं. तेल गढूळ असतं, तीन-चार दिवस हलवायचं नाही, खाली साका बसू द्यायचा. मी दुसऱ्याच दिवशी चकल्या तळायला घेतल्या. कढई फेसाने वर आली, तळाशी साका करपला, चकल्यांचा पहिला घाणा काळा. चार दिवसांनी वरचं नितळ ओतून घेतलं, त्यात केलेल्या शेवेला असा वास आला की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या.

करडई सोमवारीच काढतात, बाकी दिवशी हट्ट करू नका. आणि पेंडेला घरून जाड पिशवी न्या. त्यांची जिन्यातच फाटते.